शून्यापासून मोजलेलं दार

बारा वर्षांची उर्मी टेंभरे टेबलावरच्या दोन काळ्या डब्यांकडे पाहत उभी होती. दोन्ही दिसायला सारखे. दोन्हींवर ‘मोडेम’ असंच लिहिलेलं. मग पहिल्याला संगणक ओळखतच का नव्हता?

ही गोष्ट २०५८ सालची. तुमसरजवळच्या एका बंद पडलेल्या मँगनीजच्या खाणीत, जमिनीखाली चारशे मीटरवर, उर्मीची आई अवकाशातून येणाऱ्या सूक्ष्म कणांचा अभ्यास करायची. त्या सकाळी आत दरड कोसळली. संदेश नेणारी काचतंतूंची केबल तुटली, आणि खालच्या संगणकातली, लिफ्ट आणि पंखा चालवणारी आज्ञावली बिघडली. लिफ्ट बंद, हवेचा पंखाही बंद. बचाव पथकाला तीन तास लागणार होते आणि खालची हवा जेमतेम दोन तासांची होती. वर नियंत्रण खोलीत होते फक्त दोघं: सुट्टीत आलेली उर्मी आणि देखरेख करणारा यंत्रमानव गोमटू.

तांब्याच्या तारेचा जुना फोन तेवढा चालू होता.

“आई, चांगली आज्ञावली वरच्या संगणकात आहे. मी वाचून दाखवते, तू लिहून घे!”

“चौसष्ट हजार अक्षरं आहेत, बाळा. एक चुकलं तरी पंखा फिरायचा नाही. कपाटातला मोडेम काढ. तारेतून आवाज जातो ना? मग मोडेम आकड्यांचे सूर करतो, आणि दुसऱ्या टोकाचा मोडेम त्या सुरांचे पुन्हा आकडे करतो. इथे एक जोडलेलाच आहे.”

पण कपाटात निघाले दोन, आणि पहिला ढिम्म बसला होता.

“याच्या पोटात फारसं काही नाही,” गोमटू डबा हलवून म्हणाला. “सूर बनवायचं काम हा संगणकावरच ढकलतो. त्यासाठी खास ड्रायव्हर (यंत्र आणि संगणक यांच्यातला दुभाषी) लागतो. बनवणाऱ्यांनी तो आपल्या संगणकासाठी लिहिलाच नाही आणि डब्याची माहितीही कुणाला दिली नाही.”

“पण आपली ऑपरेटिंग सिस्टिम (संगणकाचा सगळा कारभार पाहणारी आज्ञावली) मुक्त आहे ना? कुणीही वाचावी, बदलावी अशी?”

“आपलं दार उघडं असलं म्हणून शेजाऱ्याचं कुलूप थोडंच उघडतं?”

उर्मीने दुसरा डबा उचलला. तो चांगलाच जड होता. सूर बनवणारी चिप त्याच्या पोटातच होती. त्याला नुसते साध्या अक्षरांत हुकूम द्यायचे होते. संगणकामागे चार पोर्ट होते (बाहेरच्या यंत्रांशी बोलायची दारं). तिने चौथ्यात वायर खोचली.

“गोमटू, चौथ्या दाराला हाक मार.”

गोमटूने ‘एटी’ ही दोन अक्षरं पाठवली. म्हणजे ‘लक्ष दे’. उत्तर नाही. पुन्हा पाठवली. काहीच नाही.

“हाही मुका!” उर्मी रडायच्या बेतात होती. “आता?”

“मलाही कळत नाही,” गोमटू प्रामाणिकपणे म्हणाला.

“अरे, सिस्टिमचा मजकूर उघडा आहे ना? मग वाच की!”

गोमटू भराभरा वाचू लागला आणि एकदम थांबला. “उर्मी, ही सिस्टिम दारं शून्यापासून मोजते. शून्य, एक, दोन, तीन. चौथं दार म्हणजे हिच्या लेखी तीन नंबर!”

तीन नंबरला हाक गेली. पडद्यावर उमटलं: ‘ओके’.

“आई, चाललं! पण मोडेमला हीच तार लागेल. तुझा फोन ठेवावा लागेल गं.”

“ठेव,” आई शांतपणे म्हणाली. “मी इथेच आहे.”

उर्मीने फोन ठेवला. मोडेमने नंबर फिरवला आणि डब्यातून किर्र, खर्र, घूंऽऽ असा विचित्र कल्लोळ उठला. मोडला की काय? ती दचकली. मग दोन सूर एकमेकांत मिसळले, आवाज थांबला आणि पडद्यावर अक्षरं मोजणारा आकडा हळूहळू चढू लागला. सहा मिनिटं ती त्या आकड्यावरून नजर हटवू शकली नाही.

चौसष्ट हजार. काम झालं.

जमिनीखालून पंख्याची घरघर ऐकू आली. थोड्या वेळाने लिफ्टचं दार उघडलं आणि धुळीने माखलेल्या आईला उर्मी घट्ट बिलगली.

संध्याकाळी तिने गोमटूच्या मदतीने सिस्टिमच्या मजकुरात दोन ओळी लिहून जगाकडे पाठवल्या: ‘दारं शून्यापासून मोजा. आम्ही चुकलो होतो.’

आठवड्याने चिलीतल्या एका खाणीतून उत्तर आलं: ‘आमचाही मोडेम आज बोलला. आता आम्ही तिसरी ओळ लिहितोय.’