तडा की सांधा?

"चार वाजता करवत चालणार!" लिंबू धापा टाकत माळ्यावर आली. "गिटार दुरुस्त करायला आलेले रेडिओवाले काका मावशीला सांगत होते. मी माझ्या कानांनी ऐकलं!"

चिंगीच्या हातातला जुन्या फोटोंचा डबा पडता पडता राहिला. करवत? आणि तीही मावशीच्या गिटारवर?

ती गिटार काही साधीसुधी नव्हती! साठ वर्षांपूर्वीची, जपानी बनावटीची, इलेक्ट्रिक, अंगावर पांढऱ्या बटणांची रांग मिरवणारी. मावशीला गिटार शिकवणाऱ्या मास्तरांनी जाण्याआधी ती आपल्या लाडक्या शिष्येच्या हाती सोपवली होती. रोज सकाळी घरात पहिला सूर उठायचा तो तिचाच. पण मावशीच्या वाढदिवसाला तिच्या यजमानांनी, म्हणजे घरच्या काकांनी, ती हौसेनं पॉलिश करून दिली, आणि तेव्हापासून गिटार मुकी! तार छेडली की नुसतं टिंग. स्पीकर ढिम्म! मावशी चार दिवस हसली नव्हती, आणि ज्यांच्या पॉलिशचा लौकिक गावभर होता ते काका घरात मांजराच्या पावलांनी वावरत होते.

"आतली वायर तुटलीय म्हणे," लिंबू म्हणाली. "पण ती सापडतच नाही. म्हणून पाठ कापून बघणार!"

"कापली की तो आवाज कायमचा गेला," मावसभाऊ पंतोजी चष्मा वर ढकलत म्हणाला. "आवाज लाकडातही असतो."

"प्रवचन पुरे, इकडे बघ!" चिंगीनं एक फोटो पुढे धरला. दारात मास्तर उभे, घामाघूम, हातात जेमतेम वीतभर रुंदीची लांबट पेटी. फोटोच्या मागं शाईनं लिहिलेलं होतं : 'मी आणि माझी गिटार, पोहोचलो एकदाचे!'

"मास्तर पोहोचले, पण गिटार कुठंय?" लिंबूनं विचारलं.

"असेल पेटीत," चिंगी म्हणाली.

"एवढ्या अरुंद पेटीत? मग काय तुकडे करून..." पंतोजीचं वाक्य अर्धवटच राहिलं. पुढच्या क्षणी तिघांच्या पायांखाली जिना दणाणला!

खाली रेडिओवाले काका अस्तन्या सरसावत होते. लिंबूनं आल्या आल्या त्यांच्या हत्यारांच्या पिशवीवर बैठक मारली.

"ऊठ गं बाळा, करवत आहे त्यात."

"म्हणूनच बसलेय!"

"काका," चिंगीनं पॉलिशवाल्या काकांना गाठलं, "पॉलिश करताना गिटारला कुठं तडा दिसला होता का?"

"होता की! एक सोडून दोन!" चार दिवसांत पहिल्यांदाच काकांची छाती फुगली. "वरपासून खालपर्यंत, केसासारखे बारीक. दोन्ही असे भरलेत की शोधून दाखव!"

"दोन्ही बाजूंना? अगदी सारखे?"

"अगदी सारखे. जणू मापून..." काका एकदम थबकले. "अरे देवा! ते तडे नव्हतेच. सांधे होते!"

मग मात्र काका वाऱ्यासारखे हलले. स्पिरिटमध्ये बुडवलेला बोळा त्यांनी हलक्या हातानं त्या रेषांवरून फिरवला. पॉलिश विरघळलं. पंतोजीनं श्वास रोखून एक बाजू ओढली आणि काय नवल! टेबलाचा खण सरकावा तशी गिटारची ती कड अलगद बाहेर आली. मग दुसरीही! हातात उरला नुसता मधला दांडा, तारांसकट. मावशीनंही ती कधी अशी सुटी झालेली पाहिली नव्हती.

"म्हणजे पेटीत मावतेच की!" लिंबू ओरडली.

दांड्याच्या कडेला पितळी पट्ट्या होत्या, आणि कडांच्या आतही तशाच. सांधा जुळला की पट्टी पट्टीला टेकायची आणि त्यातूनच आवाज पुढे जायचा. मुळात वायर नव्हतीच! मात्र प्रत्येक पट्टीवर काकांचं उत्तम पॉलिश मधासारखं गोठलं होतं आणि आवाजाची वाट अडली होती.

"मी वायर शोधत बसलो," रेडिओवाले काका कपाळाला हात लावून म्हणाले. "पोरांनो, मानलं तुम्हाला! आता तरी पिशवी मिळेल का?"

लिंबू ऐटीत उठली.

पट्ट्या पुसून कडा सरकवल्या. खट्! मावशीनं एक तार छेडली, आणि तो ओळखीचा, भरदार सूर साऱ्या घरभर पसरला. मावशीचे डोळे भरून आले.

"माझंच चुकलं," काका पुटपुटले. "फट दिसली, भरून टाकली..."

"मायेनंच भरलीत ना!" चार दिवसांनी मावशी हसली. तिनं तिन्ही पोरांना कवेत घेतलं. "माझ्या मास्तरांचा आवाज वाचवलात रे. बोला, काय वाजवू?"

"काहीही!" चिंगी म्हणाली. "पण आधी काकांच्या हातातला तो पॉलिशचा ब्रश काढून घे!"