कोठारावरचा पहारा

नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी मोहॉक खोऱ्यातला पर्यटकांचा हंगाम मिटतो, आणि ऑरिन व्हेडर ओढ्याकाठच्या दगडी कोठाराला हिवाळ्याचं कुलूप घालायला जातो. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धातलं दारूगोळ्याचं कोठार ते. आत आता चार गंजलेल्या बंदुका, एक फुटकी काहील आणि ऑरिनच्या थापा. ऑरिन तिथला गाइड. डोक्यावर तिकोनी टोपी चढली की त्याच्या जिभेला हाड राहत नसे. भिंतीतल्या एकाच गोळीच्या भोकाच्या त्याने कितीतरी कथा रचल्या होत्या. गिऱ्हाईक बघून त्यातली एक काढायचा.

एक गोष्ट मात्र त्याची नव्हती, गावाची होती. युद्धातल्या एका कडक हिवाळ्यात इथली तुकडी घाईने कूच करून गेली आणि दारावरच्या पहारेकऱ्याची बदली करायला विसरली. पोराकडे बूट नव्हते, पायांना फडकी गुंडाळलेली. हुकूम असा, की दुसरा येऊन ‘पहारा माझा, तू जा’ म्हणेपर्यंत जागचं हलायचं नाही. तो हलला नाही. उभ्याउभ्याच गोठला. तेव्हापासून गावातलं माणूस त्या दाराशी शिव्यासुद्धा देईल, पण ते वाक्य बोलणार नाही. ऑरिनसुद्धा ही गोष्ट सांगायला पर्यटकांना ओढ्यापलीकडे न्यायचा.

त्या दिवशी दुपार कलतानाच उजेड विरायला लागला. बर्फ भुरभुरत होतं. ओढा काठाकाठाने गोठत होता आणि मधूनच काच तडकावी तसा आवाज करत होता. ऑरिनने कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली, आणि त्या ओसाड उंबऱ्याकडे बघून त्याला उगाच भरून आलं. भरून आलं की त्याला थट्टा सुचायची. टोपी काढून, नाटकातल्यासारखा वाकून तो म्हणाला, “पहारा माझा, बाबा. तू जा.”

कानाशी कुणीतरी श्वास सोडला. लांब... पुष्कळ दिवस कोंडून धरल्यासारखा.

मग ओल्या लोकरीचा आणि चरबीच्या मेणबत्तीचा वास आला, आणि बर्फावर पावलं वाजली. बुटांची नव्हेत. मऊ, फडफडती, ओढ्याकडे उतरत गेलेली.

“चल रे, म्हातारा झालास,” ऑरिन स्वतःशी म्हणाला आणि त्याने पाऊल उचललं. म्हणजे, उचलायला गेला. पाय उंबऱ्याशी रुतल्यासारखे झाले होते. बूट सोडावेत तर कंबर वाकेना. थंडी मात्र खालून चढत होती. पोटऱ्या, गुडघे, मांड्या...

काळोख पडता पडता त्याची बायको नेड्रा सफरचंदाच्या बागेतून टॉर्च घेऊन आली. बागेपलीकडेच त्यांचं घर.

“कुणासाठी पुतळा होऊन उभा आहेस? थँक्सगिव्हिंगच्या टर्कीचा आज चौथा दिवस. सूप उकळून उकळून आता नुसती वाफ उरलीय.”

“नेड्रा, मी ते वाक्य म्हणालो.”

“कुठलं?”

ऑरिनने नुसती हनुवटी दाराकडे केली. लग्न झाल्यापासून त्याने शब्दाऐवजी खुणेवर भागवलेलं तिने पाहिलं नव्हतं. तिने त्याचा दंड धरून ओढलं. मग दोन्ही हातांनी ओढलं. खांब ओढावा तसं. टॉर्चच्या उजेडात त्याचे ओठ निळे दिसले.

“मग मी म्हणते,” ती म्हणाली.

“नको. तू अडकशील.”

“बंबवाले पलीकडच्या गावातून येईपर्यंत तू गोठशील. आणि जमीन अशी टणक झालीय, की तुला पुरायला एप्रिल उजाडेल. एवढे दिवस कुठे ठेवू तुला?” तिने त्याच्या कानांवर तळवे धरले. “पाळ्या लावू. तू जा, शेक, काहीतरी गरम पी आणि ये. मग मी जाईन. सकाळी बघू काय ते.”

“नेड्रा...”

“पहारा माझा,” ती म्हणाली. “तू जा.”

त्याचे पाय एकदम सुटले, तो तोंडघशीच पडायचा राहिला. नेड्राने आपले पाय हलवून पाहिले.

“खरंच की,” ती हळूच म्हणाली. “टोपी ठेवून जा. आणि रेंगाळू नकोस.”

ऑरिन धडपडत घरी पोचला. शेकायला बसलाच नाही. घोंगड्या काढल्या, उभ्याने दोन घोट घेतले, नेड्रासाठी थर्मासमध्ये सूप ओतलं. बोटं अशी बधिर झाली होती, की झाकणाचा आटा बसेना. तेवढ्यात मागचं दार उघडलं, आणि बर्फ झटकत नेड्रा आत आली.

“तू... सुटलीस कशी?”

“सुटलीस कशी म्हणजे? तूच आलास ना.” ती स्टोव्हवर हात धरून उभी राहिली. “मफलरात तोंड गुंडाळून. आणि बूट कुठे टाकले होतेस? पायांना फडकी बांधून आलास. म्हटलं, सोंगं करायची वेळ आहे का ही?”

मग तिचं लक्ष त्याच्या बुटांकडे गेलं. झाकण न लागलेल्या थर्मासकडे गेलं.

“मी इथून अजून हललोच नाही,” ऑरिन म्हणाला.

“आवाज तुझा होता.”

“काय म्हणाला?”

“पहारा माझा म्हणाला. मग विचारलं, मला सोडवायला कोण येणार?”

“आणि तू?”

“मला वाटलं, तूच आहेस...” नेड्रा स्टोव्हकडे बघत राहिली. “म्हटलं, कोण काय? मीच येते.”

ऑरिनने जाऊन दाराला कडी घातली. “कधी, ते सांगितलंस?”

“तोच म्हणाला. म्हणाला, हाक मारीन.”

त्या दिवसापासून ऑरिन बायकोला लांबून हाक मारत नाही. जवळ जाऊन खांद्याला हात लावतो. पण कधीकधी, जेवायला बसल्यावर, बागेच्या बाजूने ‘नेड्रा...’ असं ऐकू येतं. तोच आवाज, तोच हेल. ऑरिन समोर बसलेला असतो, तोंडात घास. ती ओ देत नाही.

हल्ली मात्र ऑरिनच चमचा खाली ठेवतो आणि हळूच विचारतो, “आता मी बोललो का गं?”