आत्याची शेवटची दशी

ही गोष्ट रचलेली नाही. रचायचीच असती तर मी अमावास्येची रात्र घेतली असती. हे घडलं भर दुपारी तीनला. मागच्या एप्रिलमधला रविवार. सोलापूर, अक्कलकोट रोड एमआयडीसीजवळच्या आमच्या दोन खोल्या.

मी अजिनाथ. चादरीच्या कारखान्यात माल तपासतो. दिवसभर खोट शोधायची, म्हणून माणसांवरही पटकन विश्वास बसत नाही.

एका माणसावर होता. आईवर.

माझी मायाक्का आत्या आमच्याकडेच राहायची. चादरीच्या कडेला सुट्या सुतांच्या दशा असतात, त्यांना गाठी मारायचं काम ती घरी आणायची. बोटं थुंकीनं ओली करायची, सुताला पीळ द्यायची, गाठ मारायची. मनगटावरचं हिरवं गोंदण हातासोबत हलत राहायचं. चादर झाली की झटकायची. फट्ट! मीही तिच्याशेजारी बसूनच शिकलो.

तिच्या स्वतःच्या चादरीची शेवटची दशी मात्र ती सुटीच ठेवायची.

"ती गाठ मारली की माझं सपलं बग," म्हणायची.

वडील आधीच वारलेले. अकरा वर्षांपूर्वी आत्याचं डोकं फिरलं. आई तिला लांबच्या कुठल्यातरी दवाखान्यात घेऊन गेली. महिन्याभरानं म्हणाली, आत्या गेली, तिकडंच सगळं उरकलं.

मी पंधरा वर्षांचा होतो. रडलो. काही विचारलं नाही.

त्या रविवारी कारखाने बंद होते. माझा मित्र जोतिराम, त्यानं दिलेला गेम लॅपटॉपवर लावला. ओसाड पडलेला वेड्यांचा दवाखाना. आपण एकटेच आत फिरायचं, बाहेरची वाट शोधायची. आपलं तोंड दिसत नाही. पडद्यावर फक्त दोन हात, एका गोऱ्या पुरुषाचे.

तिसऱ्या मजल्यावरच्या वॉर्डात शिरलो, आणि हेडफोनमध्ये आवाज आला...

फट्ट!

मी हेडफोन काढले. बाहेर मागांची खडखड नाही. आई पुढच्या खोलीत ज्वारी निवडत बसलेली.

भास झाला असेल, म्हटलं. परत लावले.

वॉर्डात एकच पलंग होता. त्यावर चादर...

आमची. सोलापुरी.

तीन-तीन सुतं धरून मारलेल्या गाठी, आत्या मारायची तशाच. आणि शेवटची दशी सुटी.

इथं माझं चुकलं. कारखान्यात सुटी दशी म्हणजे माल परत. ती दिसली की आमचा हात थांबत नाही. पडद्यावर 'इथं हात लावा' अशी हाताची खूण आली आणि मी सवयीनं बटण दाबलं.

पडद्यावरच्या हातांनी बोटं ओली केली. गाठ मारली.

तेव्हा दिसलं... मनगटावर हिरवं गोंदण होतं.

आत्याचं.

लॅपटॉप आपोआप बंद पडला.

फट्ट!

हा आवाज हेडफोनमधला नव्हता. मागे कोपऱ्यात आत्याची पत्र्याची पेटी आहे, तिच्यातून आला होता. अकरा वर्षं कुणी उघडलेली नव्हती.

मी उघडली. वर तिची चादर. शेवटच्या दशीला गाठ होती.

हात लावला. गाठ ओली होती...

तशीच चादर घेऊन आईपुढं गेलो.

"आय, आत्या कवा गेली?"

"किती येळा सांगू? अकरा वर्सं झाली की."

मी गाठ दाखवली.

आईचा हात ज्वारीतच थांबला. तिनं गाठीला बोट लावून बघितलं. मग हळूच म्हणाली,

"म्हंजी... आज गेली व्हय ती?"

लगेच तिनं पदर तोंडावर दाबला.

दुसऱ्या दिवशी जोतिरामला विचारलं.

"तितं चादर कुटली आली? नुसता गंजलेला पलंग हाय की," तो म्हणाला. त्यानं मला खेळूनही दाखवलं. खरंच चादर नव्हती.

अकरा वर्षं आत्या कुठं होती? कुणाची वाट बघत होती? मी रोज विचारतो, "आय, कुटला दवाखाना?" आई मान वर करत नाही. दुपारी पेटी उघडून बसते आणि ती गाठ नखानं सोडवत राहते. गाठ सुटत नाही.

तिचा मला राग येतो. पण फार बोलता येत नाही. बटण मीच दाबलं होतं.