समोरचं टोक

माझ्या धाकट्या भावाच्या कार्यक्रमात प्रेक्षकांना नुसतं बसून चालत नाही. या वेळी त्याने पियानोचं झाकण काढून एकेका तारेखालून नायलॉनचा दोरा ओवला होता. दोऱ्याचं एक टोक मधल्या पडद्याच्या अलीकडच्या माणसाकडे, दुसरं पलीकडच्याकडे. एकाने ओढायचं, दुसऱ्याने सोडायचं. समोर कोण आहे ते कुणालाच दिसत नाही. दोऱ्याला राळ लावलेली असते. तो तारेवर अडकत-सुटत सरकतो आणि तार गुणगुणते. मी प्रयोगशाळेत कंपनंच मोजते. मला त्यात गूढ काही वाटलं नाही.

आईला मी बळेच आणलं होतं. मावशी गेल्यापासून ती घराबाहेर पडत नव्हती, बोलणंही जेवढ्यास तेवढं. ती अशीच मिटत गेली तर एक दिवस आमच्या हाती लागणार नाही, याची मला धास्ती होती.

"हे गाणं आहे की कपडे वाळत घालायच्या दोऱ्या?" तिने भावाला विचारलं. कित्येक दिवसांतला पहिला टोमणा. तो खूश झाला.

"तू धर तर खरं."

ती ऐनवेळी आल्यामुळे पलीकडे तिला जोडीदार नव्हता आणि मला तिच्याजवळून हलायचं नव्हतं. म्हणून ते टोक मी पलीकडच्या रिकाम्या खुर्चीच्या हाताला पक्कं बांधलं. दोरा हलणार नव्हता. तिने चार माणसांत बसावं, मला तेवढंच पुरे होतं.

दुपारचं ऊन फरशीवर पडलेलं. आधी नुसती कुरकुर झाली, मग लांब सूर एकमेकांत मिसळू लागले. आईचा हात पुढे गेला, थांबला, मागे आला.

"समोरचं माणूस समजूतदार आहे गं," ती हळूच म्हणाली. "ओढायच्या आधी विचारतं."

तिचा चेहरा उजळला होता. गाठीचं सांगायचा मला धीर झाला नाही. मी उठून पडद्यापलीकडे गेले.

खुर्ची रिकामी होती. गाठ तशीच. गाठीपासून पियानोपर्यंतचा दोरा सैल लोंबत होता, आणि त्यावरची जाड तार वाजत होती.

परत आले तेव्हा आई खुर्चीच्या अगदी कडेला सरकली होती.

"मावशी वाटते का तुला?"

"छे. तिचा हात मला कळला असता."

"मग कोण?"

"अजून ओळख नाही."

ती उभी राहिली. एक पाऊल पुढे गेली. दोरा बोटांत रुतला होता.

"सोड, आई."

"असं अर्ध्यात? बरं दिसेल का?"

भावाच्या सामानातली कात्री घेऊन मी दोरा कापला. तेवढी एक तार गप्प झाली. आई खाली बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्वयंपाकघरात टेबलाशी बसली होती. आपणहून माझी चौकशी केली, हसलीसुद्धा. उजवा हात मात्र पुढे धरलेला. तो जरासा पुढे जाई, मागे येई.

"जरा धर," ती म्हणाली. "केव्हाची धरून बसलेय. हात भरून आला."

तिचं मन राखायला मी चिमूट पुढे केली. तिने ते माझ्या बोटांत दिलं आणि मनगट चोळत उठली.

बोटांत काही नव्हतं. उजेडात धरून मी नीट पाहिलं.

मग हलका ताण आला. थांबला.

मी थोडी ढील दिली.