टोपी उतरल्यावर

पहिल्याच भेटीत त्यानं तिच्या केसांना हात लावला आणि तिनं चकार शब्द काढला नाही. काढणार कसा? मेंदूतली हालचाल टिपणारी तारांची टोपी तो तिच्या डोक्यावर बसवत होता. खरं तर या प्रयोगाला यायचं होतं मैत्रिणीनं. तिला सर्दी झाली म्हणून ही बदली.

"हसू नका हं. आलेख बिघडतो."

"मग हसवू नका."

काम सोपं होतं. गुडघे दुखणाऱ्या माणसासाठी खुर्ची काढायची. प्रत्येक चित्रावर हा टोपीवाला अभिप्राय देणार आणि तो ऐकून मेंदूत काय होतं ते यंत्र टिपणार. तिनं गुडघेदुखीनं बेजार असलेल्या आपल्या आत्याला डोळ्यांसमोर आणलं आणि पेन्सिल चालवली. ती नोकरी करायची त्या फर्निचरच्या कारखान्यात साहेब तिची चित्रं न बघताच बाजूला सारायचे. उद्या राजीनामा द्यायचा, हे तिनं पक्कं केलं होतं.

"छान," काचेपलीकडून तो म्हणाला. मग पुढच्या चित्रावर, "फारच छान... ही वेगळीच आहे."

तिच्या अंगावर मूठभर मांस चढलं. राजीनामा गेला चुलीत, हीच खुर्ची उद्या साहेबांपुढे ठेवायची!

टोपी काढताना तो अडखळला. "एक सांगायचंय... नियमच आहे तसा. ते कौतुक आधीच ठरलेलं असतं. तुम्ही काहीही काढलं असतं तरी—"

"दगड काढला असता तरी छान?"

"तरी छान."

तिचा चेहरा खर्रकन उतरला. केसांतला चिकट लेप पुसत ती उठली. साहेब निदान खोटं तरी बोलत नव्हते.

"थांबा ना." त्यानं चित्र उचललं. "प्रयोग संपलाय, आता माझं ऐका. खुर्चीचे हात फार मागेच संपतात. उठताना माणूस पुढे झुकतो, आधार तेव्हा हवा. माझी आई यातून उठूच शकणार नाही."

"इतकं बारकाईनं कधी पाहिलंत?"

"तुम्ही काढत होता तेव्हा. बघायचं यंत्राकडे होतं, पण..." त्याचे कान लाल झाले.

तिनं पेन्सिल घेऊन खुर्चीचे हात पुढे ओढले. बरोबर होतं त्याचं! तिचा राग कुठल्या कुठे पळाला. कुणीतरी तिचं चित्र खरंच बघितलं होतं.

"उद्या साहेबांना दाखवतेच. बनली तर पहिली तुमच्या आईंना. आणि... तुम्ही मला आवडलात. हे काही आधी ठरलेलं नव्हतं."

तो टोपीच्या तारा उगाचच गुंडाळू लागला.

"अभिप्राय?" तिनं विचारलं.

"आता हसलात तरी चालेल," तो म्हणाला आणि आधी स्वतःच हसला.