मागच्या सीटचं बटण

तुम्ही बसा नीट. कंदिलाची वात मोठी केलीत तरी चालेल. शेजारच्या घरातलं ते गाणं चालू आहे तोवर सांगून टाकतो. मी हे सांगतोय ते घाबरवायला नाही. मला स्वतःची लाज वाटते म्हणून सांगतोय, आणि लाज अंधारात सांगायला बरी पडते.

शहात्तर सालचा एप्रिल. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तीन आठवडे होते. जळगावला रेल्वे फाटकाजवळ जीवरामभाऊंच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात मी कामाला होतो. कॉलेज दुसऱ्या वर्षाला सोडलं होतं. वडील म्हणायचे, पोरगं वाया गेलं. मी म्हणायचो, तुम्ही जिथं पोचलात तिथं न पोचणं म्हणजे वाया जाणं असेल तर बरंच आहे. अशी माझी जीभ होती. म्हाताऱ्या माणसांना तोंडावर बोलतो, अशी ख्याती होती. ती ख्याती किती खोटी होती तेच आता कळेल.

धरणगावच्या माणकचंद शेठचा निरोप आला. त्यांची एकोणीसशे पन्नासची हंबर गाडी होती. तिच्यातला व्हॉल्व्हचा जुना रेडिओ काढायचा आणि मुंबईहून आणलेला जपानी कॅसेटचा स्टिरिओ बसवायचा. मुलाचं, ज्ञानचंदचं, दुसरं लग्न नुकतंच झालं होतं. नव्या सुनेसाठी नवा आवाज.

ती गाडी मला पाठ होती. दोन वर्षांपूर्वी तिच्यात मीच काम केलं होतं. ड्रायव्हर आणि बायकांची मागची सीट यांच्यामध्ये शेठनं लाकडी चौकट घालून जाड काच बसवून घेतली होती, पडदे लावले होते. मागे एक स्पीकर आणि आवाज कमीजास्त करायचं बटण मी जोडून दिलं होतं. आणि आणखी एक काम केलं होतं. पहिली सून कुसुमलता एकदा एरंडोलजवळ गाडी थांबली असताना आपणहून दार उघडून उतरली आणि रस्त्यावर उभी राहून उसाचा रस प्यायली. डोक्यावरचा पदर पडलेला, केसांत मोगरा. कुणा व्यापाऱ्यानं पाहिलं. शेठनं मला सांगितलं, ‘‘सुकदेव, मागच्या दारांचे आतले हँडल काढ. काच खाली करायचेसुद्धा. बाहेरून उघडलं की पुरे.’’

मी काढले. चार स्क्रू इकडे, चार तिकडे. हसत हसत काढले. ‘‘शेठ, आता बाई पार्सलसारखी जाईल,’’ असंही म्हणालो. शेठ हसले, म्हणून मला बरं वाटलं होतं.

त्याच वर्षी आखाजीला कुसुमलता धुळ्याला माहेरी निघाली. तिचा उपवास होता, पाणीसुद्धा नाही. गाडीत बसवलं, दार लावलं, आणि तेवढ्यात काहीतरी शब्दावरून शब्द वाढला. शेठनं ड्रायव्हर वनाला हाक मारली, ‘‘गाडी काढू नको. बसू दे तिला तासभर. डोकं थंड होईल.’’ पत्र्याच्या शेडमध्ये गाडी, वैशाखाचं ऊन. तिनं रेडिओ मोठा केला. आणखी मोठा केला. ओट्यावर सगळ्यांना ऐकू जात होता. शेठ म्हणाले, ‘‘गाणी ऐकतेय. मजेत आहे.’’ बॅटरी उतरून रेडिओ बंद पडला, तेव्हा कुठं वना बघायला गेला.

घरच्यांनी सांगितलं, ऊन लागलं. डॉक्टरनं तेच लिहिलं. मला बातमी दुकानात कळली. कुणी मला काही विचारलं नाही, मीही कुणाला काही सांगितलं नाही.

म्हणून या खेपेला मी ठरवून गेलो होतो. भंगारवाल्याकडून हंबरचे हँडल शोधून पिशवीत घातले. आधी हँडल बसवीन, मग स्टिरिओ. शेठ नाही म्हणाले तर तोंडावर सांगेन, तुम्ही सून मारलीत आणि मी तुम्हाला मदत केली. वाक्य बसमध्ये दहा वेळा म्हणून पाहिलं होतं.

पोचलो तेव्हा बारा वाजत आले होते. शेठ ओट्यावर झोपाळ्यावर बसले होते. धोतर गुडघ्यापर्यंत, हातात विंझणा.

‘‘आला का कॉलेजवाला? स्टिरिओ नीट बसव रे. आणि मागचं बटण राहू दे. बाईमाणसाला आपल्या मर्जीनं ऐकता आलं पाहिजे. आपण काही जुन्या विचाराचे नाही.’’

त्यांच्या तोंडावर बोलायची हीच वेळ होती. मी म्हणालो, ‘‘हो शेठ.’’

शेडमध्ये गेलो. पत्रा तडतडत होता. सरकीचा उग्र वास, तापलेल्या रेक्झिनचा वास, आणि त्याच्या खाली कुठंतरी मोगऱ्याचा सुकलेला, कडवट वास. वना बोनेट उघडून उभा होता. या जुन्या इंग्रज गाड्यांत बॅटरीचं अर्थिंग उलटं असतं. ते बदलून घेतलं, जुना रेडिओ उपटला, नवा डॅशबोर्डमध्ये बसवला. वना जेवायला गेला. मी कॅसेट घातली, आवाज हळू ठेवला, आणि मागचे दोन स्पीकर बसवायला मागच्या सीटवर शिरलो. दार मिटू नये म्हणून हत्यारांची पेटी मध्ये अडकवून ठेवली होती. तेवढी अक्कल होती.

उजवा स्पीकर बसला. डाव्याला लांब पेचकस हवा होता. तो पेटीत होता. मी मागे न बघता हात लांबवून पेटी आत ओढली.

दार लागलं. जोरानं नाही. घरातलं माणूस लावतं तसं, सावकाश, खटका बसेपर्यंत.

आधी मला हसूच आलं. मग मी दारावर हात फिरवला. जिथं हँडल असायला हवा होता तिथं चार भोकं होती. माझीच. पक्कड घालून पाहिली, पण आतली दांडीसुद्धा तेव्हा मीच काढली होती. नवे हँडल पिशवीत, आणि पिशवी बाहेर बोनेटवर.

‘‘वना! ए वना!’’

काच जाड. पडदे. पत्र्याचा तडतडाट. मी दारावर लाथा घातल्या. खिडकीवर, मधल्या काचेवर पेटी मारली, पण हात मागे घ्यायला जागा नव्हती, नुसता ओरखडा उठला. शेजारी जुने ओरखडे होते, बारीक, एकाखाली एक... बांगड्यांचे असावेत.

घाम डोळ्यांत जात होता. श्वास घेतला की आत गरम फडकं कोंबल्यासारखं होत होतं. तेव्हा मला दिसलं, मागचं बटण फिरत होतं. कुणाचा हात नव्हता. थोडं थोडं, उजवीकडे. गाणं मोठं होत होतं.

आता मी काय केलं ते ऐका. मी घाबरलो, पण मीसुद्धा ते बटण धरलं आणि शेवटापर्यंत पिळलं. कुणीतरी येईल म्हणून. दुसरं करण्यासारखं त्या सीटवर काही नव्हतंच. दोन्ही स्पीकर फाटायला आले. मी पडद्याच्या फटीतून पाहिलं. ओट्यावर शेठचा झोपाळा हलत होता. एक गाणं संपून दुसरं लागायच्या मधल्या शांततेत त्यांचा आवाज स्पष्ट आला.

‘‘ऐकू दे रे त्याला. काम झक्कास झालंय वाटतं.’’

आणि झोपाळ्याच्या कड्या पुन्हा करकरल्या.

किती वेळ गेला सांगता येत नाही. पाय गार पडले. एवढ्या उन्हात गार. मी बटणावर बोटं ठेवूनच सीटवर कलंडलो होतो. तेवढ्यात माझ्या बोटांवर बोटं आली... कोरडी होती, हलकी. त्यांनी माझ्या बोटांसकट बटण डावीकडे फिरवायला सुरुवात केली. मी ओरडलो, ‘‘नको... बंद करू नको... मग कुणी येणार नाही...’’ मी सगळा जोर लावला. बटण फिरतच राहिलं. गाणं बारीक झालं. थांबलं.

मोगरा एकदम ताजा झाला.

दार उघडलं. वना उभा होता, हाताला भाजी लागलेली.

‘‘काय व्हयनं, भाऊ?’’

मी त्याच्या पायाशी ओकलो. मग विचारलं, ‘‘आवाज चालू होता तेव्हा का नाही आलास?’’

त्यानं हात पुसला. ‘‘गानं बंद व्हयनं म्हनीसन उनू.’’ आणि अगदी हळू म्हणाला, ‘‘तवय बी तसंच...’’

म्हणजे तिला माहीत होतं. या घरात आवाज वाढवून कुणी येत नाही, आवाज थांबला की येतात. स्वतः मरून शिकली ते तिनं माझ्यासाठी वापरलं. ज्यानं तिच्या दाराचे हँडल काढले, त्या माझ्यासाठी.

शेठ शेडच्या दाराशी आले. ‘‘काय रे, चक्कर आली? तुम्ही आजकालची पोरं म्हणजे...’’ त्यांची नजर बोनेटवरच्या पिशवीवर गेली. ‘‘यात काय आहे?’’

आता तरी. वाक्य तोंडात तयार होतं. बोलता आलं असतं.

‘‘काही नाही शेठ. भंगार आहे,’’ मी म्हणालो.

डावा स्पीकर मी बाहेर उभा राहून, हात आत घालून बसवला. पिशवी तशीच घेऊन परत आलो.

आखाजीच्या आदल्या दिवशी दुकानासमोरचं फाटक बंद होतं. मालगाडी जात होती. रांगेत हंबर येऊन उभी राहिली, माझ्यापासून दहा पावलांवर. पडदे ओढलेले. मला माहीत होतं, नवी सून लाडकुंवर आखाजीला भुसावळला माहेरी जायची होती. आतून गाणं ऐकू येत होतं. ते मोठं झालं. आणखी मोठं झालं. रस्त्यावरची माणसं हसायला लागली. कुणी म्हणालं, ‘‘शेठची गाडी वयात आली!’’

मग गाणं थांबलं.

गाणं थांबलं की जायचं असतं. हे त्या रस्त्यावर मला एकट्याला कळत होतं. दहा पावलं, आणि बाहेरचा हँडल खाली दाबायचा. एवढंच. वनाशेजारी पुढे माणकचंद शेठ बसले होते. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. ओळख दाखवली नाही.

जीवरामभाऊ आतून म्हणाले, ‘‘काय बघत बसलास? काम कर.’’

मी आत गेलो. पंखा सुरू केला, मोठ्यावर. फाटक उघडल्याचा आवाज येईपर्यंत मान खाली घालून एका सुट्या तारेला डाग देत बसलो. ती कशालाच जोडलेली नव्हती.

पंधरा दिवसांनी वना बाजारात भेटला. मी विचारलं नाही, तोच बोलला. लाडकुंवरला न्यायला तिचा भाऊ मुराळी म्हणून आला होता, ती त्याच्यासोबत आगगाडीनं गेली. हंबरमध्ये मागे आंब्याच्या पाट्या होत्या, व्याह्यांकडे पोचवायला.

‘‘आनि गानं, भाऊ,’’ वना म्हणाला, ‘‘मी तं टेप लायेलच नव्हता. कॅसेट घरीच व्हती.’’

हे ऐकून मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. आत कुणी नव्हतं, कुणी मेलं नाही. पण फाटकाशी मी पंखा लावला तेव्हा यातलं काहीच मला माहीत नव्हतं. तेव्हा माझ्या हिशोबी त्या सीटवर एक जिवंत बाई होती.

आणि जी होती, तिनं मला हाक मारायला दहा कोसांवरून गाडी माझ्या दारात आणली होती. आता कुठं गाणं चालू असलं तर मी ते ऐकू शकतो. थांबलं की मात्र... तुमच्या शेजारच्या घरातलं गाणं आता थांबलं, ऐकलंत ना?