उद्याची नोंद

वेळ साठवताना ती कुठल्या देशातली, तो टाइमझोनही सोबत साठवायचा, हे आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यातलं शेंबडं पोरही सांगेल. पण आमच्या साहेबांना कोण सांगणार? "एवढे लाड कशाला मॅडम? नुसते घड्याळातले आकडे ठेवा." झालं! आपलं तेच खरं.

आमचं ॲप एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी. सकाळी उठलं की हिरवं बटण दाबायचं, म्हणजे लांबच्या मुलांना कळतं की आई-बाबा ठीक आहेत. माझी आईही दाबते. ती राहते तिकडे दिवस आमच्या बराच आधी उजाडतो. टाइमझोन नसल्यामुळे तिकडची सकाळ इथे भलत्याच वेळी दिसायची, कधी तर इथे अजून न उजाडलेली. लोक घाबरून फोन करायचे आणि शिव्या खायच्या मी.

शेवटी मीच वैतागून सगळ्या नोंदी एका जागतिक वेळेत बदलून घेतल्या. सगळ्यांचं जुळलं. एक सोडून. आईच्या नावापुढे उद्याची सकाळ तशीच होती.

मी फोन लावला. "आई, बटण दोनदा दाबलंस का?"

"एकदाच दाबलं. उद्याचं आज कसं दाबीन गं? डोकं ठिकाणावर आहे ना? जेवलीस का?"

दुसऱ्या दिवशी तिने बटण दाबलं, बरोबर नोंदीतल्या त्याच मिनिटाला. नवी नोंद पडलीच नाही. आधीचीच खरी ठरली आणि तिच्याखाली पुढच्या सकाळची उगवली. मग रोज तेच. कोड पिंजून काढला, सर्व्हरचं घड्याळ तपासलं, काही सापडेना. हळूहळू मी ती ओळ बघूनच घरी जायला लागले. खोटं कशाला बोलू, बरं वाटायचं.

आणि एके दुपारी साहेबांना ती दिसली. "भविष्यातली नोंद? लोक हसतील आपल्याला." मला न विचारता, चहाचा घोट घेत, पुसून मोकळे!

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "सर, ती माझ्या आईची होती!"

"कचरा होता मॅडम."

कचरा म्हणे!

संध्याकाळपर्यंत वाट पाहिली. ओळ परत आली नाही. माणसं निघून गेली, एसी तसाच घुमत होता. गारठलेल्या बोटांनी मीच ती नोंद टाकली. आईचं नाव, उद्याची तारीख, तिची उठायची वेळ. मूर्खपणा आहे हे कळत होतं, तरी टाकली.

सकाळी ऑफिसात पोचते तोच आईचा फोन.

"अगं, आज जागच येईना बघ. डोळे उघडता उघडेनात. मग कुणीतरी माझं बोट धरून बटणावर टेकवलं, तेव्हा कुठे उठले."

"कोण होतं?"

"हात बर्फासारखा गार होता. म्हटलं तूच."

मी डेटाबेस उघडायला गेले. उघडेना. पडद्यावर साहेबांचा निरोप होता. नोंदींत हाताने ढवळाढवळ केल्याबद्दल माझं खातं बंद.

दातओठ खात केबिनकडे धावले. दाराला कुलूप. साहेब आठवडाभर सुट्टीवर.

फोन कानालाच होता.

"उद्याही ये हं," आई म्हणाली. "विसरू नकोस."